रग्बीचे आंतरराष्ट्रीय सामने बघायला सुरुवात केली आहे, मदत हवी आहे

भुईकोट_सोलापूर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा कबड्डीवाल्यांचा गट सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून रग्बी बघायला लागलाय. खेळ आवडतो, पण शिट्टी कशाला वाजली तेच कळत नाही. खेळाडू पडल्यावर त्या ढिगाऱ्यात पंच नेमकं काय पकडतात? हातातला चेंडू लाथेने लांब का देऊन टाकतात? आणि आपल्या वेळेत कुठले सामने बसतात?

मधली_फळी:
ढिगारा कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. कबड्डीत चढाईपटू धरला की विषय संपला. इथे धरल्यावर खरी झुंज सुरू होते. टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) झाल्यावर खाली पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा आणि पाडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला सरकायचं. मागून येणाऱ्यांनी आपल्याच बाजूने, सरळ आत यायचं. कडेने शिरलात तर पेनल्टी, म्हणजे चुकीबद्दल समोरच्या संघाला लाथेची संधी.

दोन्ही संघांचा किमान एकेक जण चेंडूवर उभा राहून भिडला की 'रक' झाला. त्यानंतर नव्याने हात घालायचा नाही. पण रक होण्याआधीच ज्याने चेंडूवर हात टाकले, तो स्वतःच्या पायांवर उभा असेल तर ओढत राहू शकतो. अशा वेळी खालच्याने चेंडू धरून ठेवला तर पेनल्टी बचाव करणाऱ्यांना मिळते. ही शिट्टी तुम्हाला वारंवार ऐकू येईल. म्हणून टॅकल झाला की चेंडू बघू नका. पहिला कोण पोचतो, आपला की त्यांचा, ते बघा.

पंचांचा हातही वाचता येतो. सरळ हात तिरका वर गेला तर पेनल्टी, कोपरात काटकोनात वाकवला तर फ्री किक, म्हणजे त्याहून हलकी शिक्षा. आडवा धरून खेळ चालू ठेवला तर अ‍ॅडव्हांटेज. त्यात चूक न करणाऱ्या संघाला फायदा झाला नाही तर मूळ चुकीकडे परत येतात, म्हणून 'शिट्टी उशिरा का?' असं वाटतं.

बावीसची_रेघ:
लाथेचं कारणही याच ढिगाऱ्यात आहे. स्वतःच्या गोलरेषेजवळ रकमध्ये चूक झाली तर समोरच्याला पेनल्टीचे 3 गुण आयते मिळतात. 2023च्या विश्वचषक अंतिम सामन्यात एकमेव ट्राय (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) न्यूझीलंडने केली, तरी दक्षिण आफ्रिका फक्त चार पेनल्टींवर 12–11 जिंकली! (ट्रायचे गुण 5, त्यानंतरच्या लाथेचे म्हणजे कन्व्हर्जनचे 2, चालू खेळात खांबांमधून मारलेल्या ड्रॉप गोलचे 3.)

लाथ कुठून मारली तेही बघा. स्वतःच्या 22 मीटर रेषेच्या (गोलरेषेपासून 22 मीटरवरची रेघ) आतून थेट बाहेर मारली तर चेंडू जिथे बाहेर गेला तिथे लाइनआउट, म्हणजे कडेवरून चेंडू आत फेकून खेळ पुन्हा सुरू. चेंडू त्या रेषेबाहेरून आत नेऊन मारला तर हा फायदा नाही. 22च्या बाहेरून थेट मैदानाबाहेर मारली तर लाइनआउट मागे, जिथून मारली त्या रेषेत. आणि स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला चेंडू टप्पा खाऊन समोरच्या 22च्या आत बाहेर गेला तर लाइनआउटची फेक मारणाऱ्याच संघाला. त्यामुळे बचाव करणाऱ्यांना मागे माणसं ठेवावी लागतात आणि पुढे जागा मोकळी होते.

वेळा: जुलै-ऑगस्टमध्ये न्यूझीलंडमधला संध्याकाळी 7:05चा सामना आपल्याकडे दुपारी 12:35ला. दक्षिण आफ्रिका वर्षभर साडेतीन तास मागे, म्हणजे तिथले 5 म्हणजे आपले रात्री 8:30. फेब्रुवारी-मार्चमधल्या सिक्स नेशन्ससाठी (युरोपातल्या सहा संघांची स्पर्धा) ब्रिटनच्या वेळेत साडेपाच तास मिळवा. इंग्लंड-स्कॉटलंड सामना चुकवू नका. त्यातला कलकत्ता कप भारतातल्या एका रग्बी क्लबने चांदीचे रुपये वितळवून घडवलाय.

भुईकोट_सोलापूर:
फार उपयोगी! अजून दोन शंका. पास पुढे द्यायचा नाही म्हणतात, पण उघड पुढे गेल्यासारखा दिसतो तरी पंच गप्प असतात. आणि 80 मिनिटं संपली तरी खेळ थांबत नाही, हे कसं?

मधली_फळी:
पास देणारा धावत असतो, त्यामुळे मागे सोडलेला चेंडूही त्याच्या वेगाने मैदानावर पुढे सरकतो. पंच हातातून सुटतानाची दिशा धरतात. संथ पुनर्दर्शनात मनगटं बघा.

घड्याळाचं म्हणाल तर 80 नंतर चेंडू बाद होईपर्यंत खेळ चालतो. आघाडीवरचा संघ चेंडू मुद्दाम बाहेर मारतो तो म्हणूनच. पण त्या क्षणी पेनल्टी मिळाली तर सामना संपत नाही: ती बाहेर मारून लाइनआउटही घेता येतो. पिछाडीवरचा संघ शेवटी त्याचीच वाट बघत असतो, तेव्हा 80 वाजले म्हणून टीव्ही बंद करू नका.