इंजिनात राहिलेले हत्यार तपासणीत दिसत कसे नाही?

गगनवेडा
क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या एका ए-३८० विमानाच्या डावीकडील बाहेरच्या इंजिनात सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार राहून गेले आणि त्याच अवस्थेत विमानाने ३४ उड्डाणे, म्हणजे २९४ तासांचा प्रवास केला, असे ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या २०२४ मधील अहवालात आहे. देखभालीचे काम झाले ६ डिसेंबर २०२३ रोजी लॉस एंजेलिसला. हत्यार सापडले १ जानेवारी २०२४ रोजी, तेही तिथेच. मधल्या काळात प्रत्येक उड्डाणापूर्वी कोणीतरी विमानाभोवती फेरी मारलीच असणार. मग एवढी लांब वस्तू कोणालाच कशी दिसली नाही?

हँगरकर
उड्डाणापूर्वीची फेरी मुख्यतः टायर, गळती, उघडी राहिलेली झाकणे, पंख्याची पाती अशा गोष्टींसाठी असते. इंजिनात हत्यार राहिले आहे का, हे शोधणे हा तिचा हेतूच नसतो. ते काम हत्यारांच्या मोजणीने व्हायला हवे. आमच्याकडे खणातल्या फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली असते आणि पाना उचलला की त्याच आकाराचा लाल तळ उघडा पडतो. पाळी संपताना लाल दिसले, तर ते हत्यार सापडेपर्यंत किंवा ते विमानात नाही अशी खात्री होईपर्यंत विमान सेवेत द्यायचे नाही, असा नियम आहे.

या घटनेत काम संपल्यावर आत राहून गेलेल्या परक्या वस्तूंसाठी जी तपासणी झाली तिच्यात हत्यार दिसले नाही, ही माझ्या मते दुय्यम चूक. हत्यार परत आलेले नाही हे कळूनही, ते शोधण्याची ठरलेली प्रक्रिया सुरू न करता विमान सेवेत दिले गेले, ही मुख्य चूक. (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली लॉकिंग वायर कापल्यावर उडालेला तुकडा मात्र कोणत्याच खणात मोजला जात नाही, तो कापतानाच दुसऱ्या हाताने धरावा लागतो.)

दर्यावर्दी
हत्याराला निदान खण तरी असतो. लिमा येथे २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूच्या बोईंग ७५७ विमानाचा खालचा भाग धुऊन चकाकवताना स्थिर दाब (बाहेरच्या हवेचा दाब, ज्यावरून उंची आणि वेग काढतात) मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. पट्टीचा रंग विमानाच्या पत्र्याशी मिळताजुळता, त्यात रात्रीची वेळ. वैमानिकांच्या फेरीतही ती दिसली नाही. उड्डाणानंतर उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसू लागले. त्यांनी नियंत्रकाला उंची विचारली, परंतु नियंत्रकाच्या पडद्यावरचा आकडा त्याच विमानातून, त्याच बिघडलेल्या मापनातून येत होता. पंख पाण्याला लागला तेव्हा उंचीमापक सुमारे ९,७०० फूट दाखवत होता. विमानातील सर्व ७० जण गेले.

गगनवेडा
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. चिकटपट्टीऐवजी लाल फीत लोंबणारी झाकणेच वापरली, तर हा धोका टळतो का?

हँगरकर
कमी होतो, टळत नाही. ब्रिस्बेनला १८ जुलै २०१८ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे ए-३३० तिन्ही पिटो नळ्यांवर (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळ्यांवर) झाकणे असतानाच उडाले, आणि त्या झाकणांना फिती होत्या. तिथे मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्या थोड्या वेळासाठी थांबलेल्या विमानाच्या नळ्याही बुजवतात, म्हणून झाकणे घालायची पद्धत पडली होती. अहवालानुसार अभियंत्यांच्या आणि वैमानिकांच्या ठरलेल्या तपासण्या काही अर्धवट झाल्या, तर काही झाल्याच नाहीत. वेग दिसत नसतानाही वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवले. माझा आग्रह असा की झाकण घातले की त्याची नोंद त्याच क्षणी विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत व्हावी, आणि किती काढली ते लिहिल्याशिवाय विमान सेवेत देणारी सही होऊ नये.