पिंगा राहू द्या, पालखेड कुठंय?

भन्साळीच्या 'बाजीराव मस्तानी' सिनेमातलं 'पिंगा' गाणं इतिहासाला धरून नाही असं सगळे म्हणताय ते पटलंच, बाजीरावाच्या बायकोला, काशीबाईंना पायाचं दुखणं होतं म्हणतात आणि इथे त्या मस्तानीबरोबर गिरक्या घेतायत! पण मला या सिनेमात जास्त खटकलं ते हे की, १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला पाण्यावाचून कोंडून मोठी लढाई न करता तहाला आणला, ते दाखवायचं सोडून भन्साळी आपला झुंबरं आणि आरसेच दाखवत बसलाय. आणि ते 'मल्हारी' गाणं, पेशवा काय वरातीत नाचतो का असा? बाकी तन्वी आझमीची राधाबाई, म्हणजे बाजीरावाची आई, एक नंबर हां, डोकं खरंच भादरलंय बाईने, नुसतं बघते तरी धडकी भरते. काशीबाई झालेली प्रियांका पण मस्तानी झालेल्या दीपिकापेक्षा भारी, तो गुरूरवाला सीन तर खाऊनच टाकलाय तिने.