'ख्रिसमस स्पेशल'ला मराठीत काय म्हणावं?

उपशीर्षकवाला
एका ब्रिटिश विनोदी मालिकेवरच्या लेखाचं मराठी करतोय. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस', बीबीसी, १९८१पासून. लंडनच्या पेकहॅममध्ये सरकारी इमारतीत राहणारे, काहीबाही विकून लखपती व्हायला निघालेले डेल आणि रॉडनी ट्रॉटर हे भाऊ. लेखात दर चार ओळींनी 'ख्रिसमस स्पेशल' येतं. 'महाएपिसोड' चालेल का?

बोरूबहाद्दर
अजिबात नको. महाएपिसोड म्हणजे रोजच्या मालिकेचाच लांबवलेला तुकडा. रविवारी लग्न लागतं, नाहीतर खलनायिकेचं पितळ उघडं पडतं आणि सोमवारी गोष्ट तिथूनच पुढे. ब्रिटनमध्ये विनोदी मालिकेचे वर्षाला सहा-सातच भाग, त्याला ते 'सिरीज' म्हणतात. नाताळचा भाग त्याच्या बाहेरचा, स्वतंत्र. शिवाय तो लांबच असतो असंही नाही. याच मालिकेचा १९८१चा पहिला नाताळ भाग अर्ध्या तासाच्या आसपासचा होता. १९८५चा 'टू हल अँड बॅक' मात्र दीड तासाचा, फिल्मवर चित्रित केलेला आणि प्रेक्षकांच्या हशाविना.

उपशीर्षकवाला
मग 'नाताळ विशेष' करतो.

बोरूबहाद्दर
चूक नाही, पण मिठाईच्या दुकानावरच्या पाटीसारखं वाटतं. 'विशेष' हे विशेषण आहे, त्याच्यापुढे नाम लागतं.

शब्दखोर
मला तर थेट 'दिवाळी अंक' आठवला. दिवाळी अंकात दिवाळीवरचं लेखन कितीसं असतं? १९०९च्या 'मनोरंजन'पासून आपण त्याला 'दिवाळीनिमित्त विशेष अंक' न म्हणता सुटसुटीत 'दिवाळी अंक' म्हणत आलोय. तसंच सरळ 'नाताळ भाग' म्हणा.
या मालिकेलाही ते चपखल बसतं. १९८९चा 'द जॉली बॉइज आउटिंग' लागला २५ डिसेंबरला, पण गोष्ट आहे मित्रमंडळींच्या मार्गेटच्या सहलीची, तीही ऑगस्टमधल्या सुट्टीतली. १९९१मध्ये ट्रॉटर बंधू थेट मायामीला गेले. म्हणून 'नाताळवरचा भाग' लिहू नका, तो अर्थच वेगळा. 'नाताळचा' किंवा 'नाताळ भाग'.

वसईची पोर
आणि 'ख्रिसमस'पेक्षा 'नाताळ'च ठेवा. शब्द पोर्तुगिजांकडून आला असला तरी आता पक्का आपला आहे. 'नाताळची सुट्टी' म्हटल्यावर कुणी फक्त २५ तारीख धरत नाही. १९९६चे तीन भाग २५, २७ आणि २९ डिसेंबरला लागले होते. त्यातला तिसरा, 'टाइम ऑन अवर हँड्स', २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. ब्रिटिश विनोदी मालिकांमधला तो विक्रम. गॅरेजमध्ये पडून असलेलं जुनं घड्याळ लिलावात ६२ लाख पौंडांना जातं आणि दोघे खरोखरच लखपती होतात, तो भाग.
('लखपती' हा शब्द ६२ लाख पौंडांना फारच गरीब वाटतो, पण 'करोडपती' म्हटलं की लगेच बक्षिसाचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो.)

उपशीर्षकवाला
'नाताळ भाग' पक्का. पण लेखात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की शेवटी शेवटी मालिका उरली ती स्पेशलपुरतीच. तिथे काय करू?

शब्दखोर
'मालिका नाताळापुरती उरली.' फेब्रुवारी १९९१मध्ये सातवी सिरीज संपली, त्यानंतर २००३पर्यंत नवीन भाग आले ते नाताळातच, मध्ये कित्येक वर्षं काहीच नाही. लेखक जॉन सलिव्हन यांनी रॉडनीचा संसार, डेलचं बापपण हे सगळं त्या नाताळ भागांतूनच पुढे नेलं. म्हणून 'विशेष' तिथे बसतच नाही. जे एरवी होतच नाही, त्यातलं विशेष कशाच्या तुलनेत?

उपशीर्षकवाला
हे पटलं. आता शेवटचं. डेल रॉडनीला सारखं 'प्लाँकर' म्हणतो. 'मूर्खा' लिहिलंय.

वसईची पोर
'मूर्खा' म्हटलं की डेल पौराणिक नाटकातला ऋषी वाटेल. बाजारात माल विकणारा मोठा भाऊ आहे तो, आईमागे धाकट्याला त्यानेच वाढवलंय. त्या शिवीत माया आहे. 'येड्या'.

बोरूबहाद्दर
'येड्या'ला माझं मत. चिडला असेल तर 'येडपटा'.