स्पीकर बदलण्याआधी हेडफोन लावून बघा

गेम गिअरचा (सेगाचा हातात धरून खेळायचा जुना गेम कन्सोल) आवाज बारीक झाला की स्पीकर बदला, असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. स्पीकर क्वचितच जातो. आधी हेडफोन लावून बघा. तिथेही आवाज तेवढाच क्षीण असेल, किंवा चालू केल्यावर थोडा वेळ येऊन विरत असेल, तर स्पीकरचा काही दोष नाही. साउंडचा बोर्ड त्यात वेगळा, छोटासा असतो आणि त्यावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे बारीक भाग) गळतात, म्हणजे त्यांच्यातला द्रव बाहेर येतो. १९९० च्या सुमाराच्या या सरफेस-माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या) कपॅसिटरांची ती खोडच आहे.

माझ्याकडच्या बोर्डाला सोल्डरिंग आयर्न टेकवताच सुकटीसारखा भपकारा आला, म्हणजे निदान पक्कं! वरून मात्र कपॅसिटर अगदी ठणठणीत दिसत होते, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. जुने काढताना पक्कडीने पिळू नका, खालचे पॅड (सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) उखडतात आणि मग तारा ओढत बसावं लागतं. नवे बसवण्याआधी गळलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसून घ्या, नाहीतर तो बोर्डावरचे ट्रॅक (तांब्याच्या बारीक रेषा) खात राहतो. याच जातीच्या नव्या कपॅसिटरवर काळी पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह.