मदत हवी आहे : लोकलने जाता येईल अशी हील कोणती?

चाफेकळी
पुढच्या महिन्यात दादरला लग्न आहे, पैठणी नेसणार आहे. नंतर तीच सँडल ऑफिसला वापरायची आहे : ठाणे ते सीएसएमटी लोकल, पुढे पंधरा मिनिटं पायी. लिंकिंग रोडला तीन जोड बघून ठेवलेत. साडेचार सेंमीची किटन हील (बुटकी, बारीक टाच), साडेसहाची ब्लॉक (जाड, रुंद टाच) आणि नऊची वेज (टाच आणि सोल सलग, पुढचा सोल तीन सेंमी जाड). किटन सगळ्यात बुटकी, तीच घेऊ ना?

रानजाई
किटन नको. बुटकी असली तरी तिचं टोक जेमतेम सेंमीभर रुंद असतं, म्हणजे फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती स्टिलेटोसारखीच (उंच, सुईसारखी टाच) अडकते. उंचीआधी टाचेचा तळ बघा. तीन-चार सेंमी रुंद असेल तर फटीवरून निभावतं.

वेजचा चढ (पुढच्या सोलपेक्षा टाच किती वर) नऊचा नाही, नऊ वजा तीन म्हणजे सहाच. ब्लॉकपेक्षाही कमी. पण एवढा जाड सोल चवड्यापाशी वाकत नाही, त्यामुळे जिना उतरताना पाय अडखळतो आणि खडबडीत जागी घोटा मुरगळतो. लग्नाच्या हॉलमध्ये छान, दादरच्या पुलावर नाही. ब्लॉक घ्या.

तळपाय
ब्लॉकलाच माझंही मत, पण दुकानात तपासून. जोड काचेच्या काउंटरवर ठेवा आणि टाच बोटाने हलवा. डुगडुगली तर परत करा. मग पुढचं टोक आणि टाच धरून वाकवा : चवड्याच्या जागी वाकली पाहिजे, कमानीत नाही. कमानीत वाकली तर आतली पोलादी पट्टी हलकी आहे किंवा नाहीच, आणि काही महिन्यांत टाच मागे कलते. घोट्याला बक्कलचा पट्टा असलेलीच निवडा. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय सुजलेले असतात.

चाफेकळी
धन्यवाद, ब्लॉकच घेते. जुन्या एका जोडाची टाच हलतेय, मोची बाहेरून सोल्यूशन लावतो म्हणतोय. चालेल?

रानजाई
टिकणार नाही. टाच आतून, सुखतळ्याखालून (पाय टेकतो तो आतला थर), खिळ्यांनी किंवा स्क्रूने धरलेली असते. सुखतळा मागच्या बाजूने उचलून तिथून आवळायला सांगा, मग सोल्यूशन. टोकाची रबरी टीप झिजून खिळा दिसत असेल तर दोन्ही पायांच्या टिपा एकदम बदला, नाहीतर चालताना कंबर एका बाजूला झुकते. कडक प्लॅस्टिकची टीप घेऊ नका, ओल्या स्टेशनच्या फरशीवर ती सरकते. आणि टाच कापून बुटकी करायला सांगू नका. एक सेंमीहून जास्त कापली की पुढचं टोक वर उचललं जातं.

तळपाय
पैठणीचं राहिलंच. फॉल-बिडिंग झालं की हीच सँडल घालून एकदा नेसून बघा. अनवाणी नेसलात तर सँडल घातल्यावर निऱ्या वर राहतील.