पणजोबांची नोंद कुठेच सापडत नाही, महिनाअखेर आधार द्यायचाय, मदत हवी आहे

भीमातीर
नमस्कार. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचं चाललंय. १९३८ सालच्या वृत्तांतात पणजोबांचं नाव आहे, पण समिती विचारते, त्याला आधार काय? कागद दाखवा, नाहीतर तुमची शाखा ‘दुवा अनिश्चित’ म्हणून परिशिष्टात जाईल. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, त्यांना हे फार लागलंय. कोतवाल बुकं, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, पाहिली. तिथल्या माणसांनी जुने गठ्ठे सोडून दाखवले, पण नोंद नाही. आता कुठे शोधू, आणि आधार लिहायचा कसा? लवकर सांगा, दिवस थोडे आहेत.

मुळाक्षर
गाव कोणतं? तालुका? पणजोबांचा जन्म साधारण कधीचा? आडनाव तेव्हाही हेच होतं का? यातलं काहीच नसताना काय सांगणार?

जुनी_पेठ
सरळ पुण्याला जा. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, कोट्यवधी कागद आहेत. आमच्या घराण्याचं सगळं तिथेच मिळालं. रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, मागवायचे आणि बसायचं वाचत. मोडी येत नसेल तर आधी शिका.

निळी_शाई
जुनी_पेठ, पेशवाई १८१८ ला संपली. यांचे पणजोबा त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी जन्मले असणार. पंधरा दिवसांत मोडी शिकून, रुमाल चाळून हाती काय लागणार? उगाच पळवू नका त्यांना.

जुनी_पेठ
वतनदार घराणं असेल तर पूर्वजांचा धागा तिथेच लागतो. इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनचे कागद १८१८ नंतरचेच आहेत.

रानवारा
भाऊ, पडताळणीसाठी शाळेचा दाखला सगळ्यात भक्कम. प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा काढा, त्यात जातीचा रकाना असतो. शिवाय कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीनंतर बऱ्याच जिल्ह्यांनी जुन्या नोंदी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकल्यात, तालुका निवडून गाव बघा.

भीमातीर
रानवारा, मला जातीचा दाखला नकोय, वंशावळीचा आधार हवाय. मुळाक्षर, आम्ही बार्शीचे. पणजोबांचा जन्म १८७५ ते ८०. प्लेगात गाव सोडून बार्शीला आले असं आजी सांगायची.

मुळाक्षर
कोणतं गाव सोडून?

भीमातीर
बार्शीजवळचंच, परंडा तालुक्यातलं. आणि हो, तेव्हा आडनाव कुलकर्णी होतं. गावावरून पडलेलं आताचं आडनाव आजोबांनी शाळेत लावलं.

मुळाक्षर
अहो, हेच आधी सांगायचं होतं! बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, परंडा निजामाच्या राज्यात. अंतर थोडं असलं तरी मधून राज्याची हद्द जायची. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, ही इलाख्याची पद्धत. परंड्याकडच्या जन्माची नोंद बार्शीच्या बुकात येणारच नाही. बार्शीत शोधायचंच तर पणजोबांचा मृत्यू आणि आजोबांचा जन्म शोधा, तेही ‘कुलकर्णी’ आडनावाने. आणि जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक नसतंच, बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ असतं. तेव्हा बापाच्या नावावरून रकाना वाचा.

निळी_शाई
परंड्याकडे महसुली कागद बघा. खासरा पत्रक १९५४ चं, त्यात मूळ शाखेच्या भावकीची नावं मिळतील. त्याआधीचं सेतवार, म्हणजे शेतवार जमिनीची नोंद, मिळालं तर उत्तमच, पण ते उर्दूत असतं. संस्थानाचं वरचं दफ्तर हैदराबादला, तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरलाही पुराभिलेखाचं कार्यालय आहे.

अनुराधा_के
फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर बघितलंत का? त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्यांचे फोटो घेऊन ठेवलेत. मी इथे परदेशात बसून तासन् तास बघते. डीएनए चाचणीही करून घ्या, मला त्यातून दोन दूरची भावंडं सापडली.

ओवी_७२
हरिद्वार कशाला, आपल्याकडे त्र्यंबक आणि नाशिक आहे की. क्षेत्रोपाध्ये आधी मूळ गाव विचारतात, मग आडनाव, आणि बरोबर ती वही काढतात. मी गेले तेव्हा पणजोबांच्या हातची सही मिळाली, शाई तपकिरी झालेली. खाली ‘सगुणाबाई कोम’ असं लिहून पणजोबांचं नाव होतं. मला वाटलं कोम म्हणजे काही जमात वगैरे. गुरुजींनी सांगितलं, कोम म्हणजे बायको. पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी तिथेच रडले.

निळी_शाई
वही चांगला पुरावा आहे, पण समितीपुढे ‘त्र्यंबकच्या वहीत आहे’ एवढं चालणार नाही. कोणत्या उपाध्यायांची वही, पान कितवं, नोंद कोणत्या शकातली, कुणी सांगून कुणी लिहिली, तुम्ही कधी पाहिली, हे सगळं हवं. फोटो घेताना शेजारचं पानही येऊ द्या. आजीच्या तोंडच्या माहितीला मी आधार मानत नाही.

ओवी_७२
का नाही? आमच्या बायकांची माहिती कागदावर होतीच कुठे? कुणी, कुणाला, कोणत्या साली सांगितलं ते लिहा आणि ‘मौखिक’ असा स्पष्ट शेरा द्या. वाचणाऱ्याला वजन ठरवू द्या. गाळून टाकणं हा अन्याय आहे.

मुळाक्षर
ओवीताईंचं पटतं. आधार म्हणजे न्यायनिवाडा नव्हे, पुढच्याला त्याच कागदापर्यंत जाता यावं एवढ्यासाठी तो लिहायचा. भीमातीर, घरात जुना कागद एकही नाही का? ट्रंक, देवघर, पोथ्यांची फडकी?

भीमातीर
काकांकडे एक मोडी कागद आहे, पण तो धरू नका. त्यावर सन १३०७ लिहिलंय, म्हणजे चुकीचाच असणार. वर उर्दू शिक्का आहे. काकांनी एकाला वाचायला दिला होता, ते म्हणाले तारखेच्या ओळीत ‘ब्राह्मण’ लिहिलंय, बाकी जमिनीबद्दल काहीतरी आहे.

मुळाक्षर
थांबा थांबा! १३०७ चुकीचं नाही, फसली सन आहे तो, म्हणजे महसुली वर्षाचा. उर्दू शिक्का आहे म्हणजे निजामाचा कागद.

जुनी_पेठ
हिजरीही असू शकतो. हिजरी १३०७ म्हणजे १८८९-९०. फरक आठ वर्षांचा पडतो, घाईने फसली म्हणू नका.

मुळाक्षर
हा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच महिना बघायचा. रजब, मोहरम असेल तर शंका घ्यायला जागा आहे. हैदराबादच्या फसलीचे महिने वेगळे असत: आजूर, दै, बहमन, इस्फंदार... आणि भीमातीर, तारखेच्या ओळीत ब्राह्मण कशाला येईल? त्या ओळीचा जवळून फोटो टाका.

भीमातीर
टाकला. नावं झाकलीत.

मुळाक्षर
‘बहमन’च आहे. ‘ब’ला ‘र’ जोडलेला नाही, पुढे सरळ ‘हमन’. तिथला फसली आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचा. ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. बहमन तिसरा महिना. १३०७ अधिक ५९०, म्हणजे डिसेंबर १८९७.

निळी_शाई
मुंबईत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात आला, पुढच्या वर्षी तो देशावर पसरला. आजींचं बरोबर होतं. मी माझं वरचं म्हणणं मागे घेतो.

जुनी_पेठ
मी पूर्ण वाचला. तुमच्या पणजोबांनी आपल्या हिश्शाची जमीन थोरल्या भावाकडे कसायला सोपवली, त्याचा हा कागद आहे. दोघांच्या नावापुढे ‘वलद’ म्हणून एकच बाप लिहिलाय. आणि पणजोबांपुढे ‘हल्ली वस्ती बार्शी, इलाखा इंग्रजी’. तो थोरला भाऊ १९३८ च्या वृत्तांतात मूळ शाखेत आहे का?

भीमातीर
आहे! पान ११२. सुरवातीलाच आहे. वडिलांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, परत एकदा वाच.
समितीला लिहायचं कसं तेवढं सांगा.

निळी_शाई
असं लिहा: ‘जमीन सोपवल्याचा मोडी कागद, मौजे अमुक, तालुका परंडा, बहमन १३०७ फसली (डिसेंबर १८९७). मूळ कागद अमुक यांच्या घरी, बार्शी. लिप्यंतर अमुक, पाहिल्याची तारीख अमुक.’ सोबत मूळ कागदाचा फोटो आणि पूर्ण लिप्यंतर जोडा. न लागलेली अक्षरं अंदाजाने भरू नका, तिथे टिंबं द्या. १९३८ चा वृत्तांत वेगळा आधार म्हणून, पानासह. आजीची आठवण तिसरा. तिन्ही एकात मिसळू नका.

ओवी_७२
कागदाची पाठ पाहिलीत का? कधीकधी मागे साक्षीदारांची नावं किंवा पुढच्या वर्षांचे शेरे असतात.

भीमातीर
नाही पाहिली. काका आज तो लॅमिनेट करायला घेऊन गेलेत, आता फाटायला नको म्हणून.

जुनी_पेठ
आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना! प्लॅस्टिक उष्णतेने कायमचं चिकटतं, मग पाठ सुटी करता येत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. धुतलेल्या सुती फडक्यात सपाट ठेवा, घडीवर घडी नको.

भीमातीर
दुकानातून परत आणला. पाठीवर चार ओळी आहेत. फोटो टाकतोय.