सातेरीचा हिवाळा जूनमध्येच येतो

मधमाश्या पाळणाऱ्यांना एक सल्ला दिला जातो की मध काढून झाला की थंडीआधी मधमाश्यांची पेटी गोणपाटात गुंडाळायची. कडाक्याच्या थंडीच्या देशांत ते ठीक. आपल्या घाटमाथ्यावर सातेरीला, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीला, थंडी बाधत नाही, उलट तेव्हा फुलोरा असतो. तिचा उपासमारीचा काळ म्हणजे पावसाळा, त्यामुळे तयारी मे अखेरीस.

जांभळाचा मध काढताना मी पहिल्या वर्षी हावरटपणा केला. मधकोठी, म्हणजे पेटीचा मध साठवायचा वरचा कप्पा, तर रिकामी केलीच, वर खालच्या पिल्लांच्या कोठीतल्या चौकटींवरची मधाची पट्टीही कापून घेतली. पुढे पावसाची झड लागली, माश्यांना आठवडाभर बाहेर पडता आलं नाही. उघडीप मिळाल्यावर झाकण काढलं तर आत एकही माशी नाही, नुसती पोळी आणि त्यांत मेणकिड्याची जाळी. सातेरी उपाशी राहून मरण्यापेक्षा बहुधा सरळ घर सोडते.

आता रिकामी मधकोठी उतरवून ठेवतो, माश्यांनी सोडलेली जुनी काळी पोळी काढतो आणि साखर-पाणी निम्मं-निम्मं करून संध्याकाळीच पेटीत ठेवतो. दिवसा ठेवलंत तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटालूट करतात. आणि हो, स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी ठेवा, नाहीतर पाक मुंग्याच पितील.